डाव्या चाकाचे नट

गौरवीला गाडीची भीती अशी कधी वाटलीच नव्हती. पार्से गावात त्यांच्या घरामागची शेतं भातकापणीनंतर मोकळी झाली की तिचे वडील गोकुळदास तिला जुन्या मारुतीत बसवायचे आणि गाडी मुद्दाम घसरवून परत ताब्यात कशी आणायची ते शिकवायचे. तेव्हा तिचे पाय ब्रेकपर्यंत नीट पोचतही नव्हते.

गोकुळदास स्वतः एकेकाळचे नावाजलेले रेसर. घरगुती गाडीच्या सीटा काढायच्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा आणि तांबड्या मातीच्या ट्रॅकवर ती पळवायची, हा त्यांचा खेळ. कंबर गेली तेव्हा स्टेअरिंग सोडून त्यांनी पाना हातात घेतला. कॉलेजात असल्यापासून गौरवी त्यांनीच बांधलेल्या गाड्या चालवत आली. कोईमतूरच्या पक्क्या ट्रॅकवरही तिने नाव काढलं. वर्तमानपत्रात तिच्या नावाआधी ‘गोकुळदासांची मुलगी’ असं छापून यायचं आणि ते तिला आवडायचंही.

भीती आली ती गेल्या पावसाळ्यानंतर. हरमलला कुणाची तरी बंद पडलेली मोटरसायकल बघायला गेलेले बाबा घरी परतेचनात. त्यांच्या गॅरेजात काम करणारा प्रशांत शोधायला निघाला, तर ते एका तिठ्यावर स्कूटर उभी करून बसलेले. कुठल्या वाटेने यायचं तेच आठवत नव्हतं. घरी आल्यावर ते हसले. उन्हाने होतं असं, म्हणत आईने, प्रभावतीने, विषय मिटवला. पुढे एकदा गाडीचं ऑइल बदलून झाल्यावर झाकण लावायचं राहून गेलं. गौरवीने ते गुपचूप लावलं. पण तेव्हापासून हेल्मेट घालताना तिला भीती वाटू लागली. बाबांनी हात लावलेल्या गाडीत ती बसत होती, आणि त्या हातांचा भरवसा तिला राहिला नव्हता.

डिसेंबरात डिचोलीजवळच्या एका बंद खाणीच्या तळाशी शर्यत होती. सकाळी बाबा डावं मागचं चाक बसवत होते. तेवढ्यात जुन्या ओळखीचे कुणी भेटायला आले. बाबा उठले, हसतखेळत बोलले, परत येऊन त्यांनी जॅक उतरवला आणि पाने पेटीत भरायला घेतले. नट त्यांनी मघाशीच आवळले होते की नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते, ते गौरवीला कळेना. ती पाना घेऊन चाकाशी वाकली, तोच मागे बाबा.

“काय करतंस गो?”

आवाजात राग नव्हता. पण त्या डोळ्यांत तिला असं काही दुखावलेलं दिसलं की तिने पाना ठेवून दिला. काही नाही, सहजच, असं पुटपुटून ती पिंजऱ्यात शिरली आणि पट्टे आवळून घेतले.

पहिला फेरा नीट गेला. दुसऱ्यात मागून बारीक टकटक ऐकू आली. दगड लागला असेल, तिने स्वतःला सांगितलं. पुढे एकच गाडी होती आणि तिची धूळ काचेवर आदळत होती. पुढच्या फेऱ्यात पुन्हा टकटक, आता थोडी जाड. हा आवाज गाडीचा की आपल्या डोक्यातला? तिला ठरवता येईना. समोर मोठं वळण आलं. त्याच्या बाहेरच्या अंगाला मातीच्या बांधावर माणसं दाटीवाटीने बसली होती. बायका, म्हातारे, कुणाच्या मांडीवर मूल. इथे चाक सुटलं तर सरळ त्यांच्यातच जाणार.

तिने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी आतल्या बाजूला घेतली आणि हळूहळू थांबवली. मागच्या गाड्या घोंगावत निघून गेल्या. ती उतरून मागे गेली. डाव्या मागच्या चाकाचा एक नट नव्हताच. बाकीचे तिने बोटांनी धरले आणि ते फिरले.

शर्यत संपल्यावर बाबा आले. कंबर धरून खाली बसले आणि रिकाम्या बोल्टवर त्यांनी अंगठा फिरवला.

“आदी कित्याक सांगूक नाय?” आधी का सांगितलं नाहीस, असं ते विचारत होते.

“भियालंय.”

“गाडयेक?”

“नाय. तुका सांगूक.”

“आणि मेलंस तर?” बाबा म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला. मग त्यांनी प्रशांतला हाक मारली, पाना त्याच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला जाऊन उभे राहिले.

म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. हा बरा होणारा नव्हे, सावकाश वाढणारा आहे, म्हणाले. आई त्या दिवशी जेवली नाही. बाबांनी मात्र गॅरेजच्या किल्ल्या आपणहून प्रशांतच्या हवाली केल्या.

फेब्रुवारीत गौरवी पुन्हा उतरली. गाडी प्रशांतने बांधली होती, चाकं तिने स्वतः तपासली होती. तरी भीती गेली नाही. प्रत्येक वळणावर कान मागे लागलेले. त्या धाकातच तिने शर्यत पुरी केली, चौथी आली. मांडवाखाली खुर्चीवर बसलेले बाबा तिला बघताच करवादले.

“त्या मोठ्या वळणार दुसरो गिअर कित्याक घालूक नाय गो?”

तिला इतकं बरं वाटलं की ती हसलीच. अगदी बरोबर होतं त्यांचं. तिथेच तिची गती गेली होती. चुकलं, पुढच्या खेपेला घालते, असं तिने कबूल केलं.

परतीच्या वाटेवर, पुलावर गाडी चढली तेव्हा, बाबांनी तिच्याकडे वळून पुन्हा विचारलं. तेच शब्द, तोच राग. मागच्या सीटवर आईने पदर तोंडाला लावला. स्टेअरिंग सांभाळत, समोर बघतच गौरवी म्हणाली, “चुकलंय, बाबा. फुडल्या खेपेक घालतंय.”

बाबांनी समाधानाने मान हलवली. पार्सेला पोचेपर्यंत त्यांनी आणखी एकदा विचारलं, आणि तिने त्यांना पुन्हा तितक्याच नीट सांगितलं.