उसने कान

सोनुनबूबूच्या मरणाचा चाळिसावा दिवस झाला आणि कोचकोर गावात लोक बोलू लागले, की ती जाताना नवऱ्याचं डोकंही सोबत घेऊन गेली. त्या नवऱ्याला, ओमुरझाकला, विचारावं मेंढ्या वरच्या कुरणात कधी न्यायच्या, तर तो छपराच्या गळतीचं सांगायचा. बैठकीत सगळ्यांचं हसून झालं की मग हसायचा. ज्याच्याकडे शेजारच्या खोऱ्यांतले लोक भांडणं मिटवायला येत, तो माणूस आता चारचौघांत बसल्या बसल्या पेंगायचा.

त्याची मुलगी अनारकान आईच्या आजारपणात सासरहून, नारीनहून, आली होती, ती अजून परत गेली नव्हती. मुलगा तालाय राजधानीत, बिश्केकला राहायचा. दोघंही वडिलांना अता आणि आईला आपा म्हणत. एके दिवशी तो बायकोला घेऊन आला आणि जेवता जेवता त्याने सांगून टाकलं, "आईचं आश, वर्षाचं जेवण, उरकलं की अतांना मी घेऊन जातो. घराला कुलूप, मेंढ्या काकांकडे. आणि आशच्या दिवशी जेवणानंतरची दुवा तोक्तोसून व्याह्यांना द्यायला सांगू. अता नुसते बसतील."

"स्वतःच्या बायकोच्या आशला नुसते बसतील?" अनारकान म्हणाली.

"भलतंच काही बोलून गेले तर? सगळे सोयरेधायरे येणार. हसं होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

अता दोघांच्या मध्ये बसून भाकरी मोडत होते. मध्ये उभ्या घोड्याच्या पाठीवरून त्याचाच सौदा बोलावा तसं चाललं होतं, आणि अनारकानला ते लागलं. पण अतांचं डोकं आता पहिल्यासारखं नाही, हे तिलाही मनातून वाटत होतं. आई मातीत गेली होती. अता समोर बसल्या बसल्या जात होते.

दुसऱ्या दिवशी वहिनीचं डोकं दुखत होतं, म्हणून चहाच्या समोवारपाशी अनारकान बसली. ती आईची जागा, अतांच्या डावीकडची. शेजारचे दोघे आले होते. पाहुण्याला पेला कधी भरून द्यायचा नाही. अर्धाच द्यायचा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा हातात ठेवता येतो. एका शेजाऱ्याने पाटाच्या पाण्याचं काही विचारलं. अता नुसते बघत राहिले. पेला देताना वाकून अनारकान सहज म्हणाली, "पाण्याची पाळी विचारतायत, अता."

"पाळी जुमाशची. पण तो उठेल तेव्हा ना! याने रात्रीच पाटाचं दार उघडून पाणी घ्यावं, जुमाश स्वप्नात भांडेल."

दोघे शेजारी खो खो हसले. तिने दुसरा पेला दिला, तेव्हाही वाकून बोलली, आणि तेव्हाही उत्तर चोख आलं. तिसऱ्या पेल्याला तिचा हात मध्येच थांबला. आई हेच करत होती. पेला द्यायचा, वाकायचं, ओठ हलवायचे. तालाय तिला चिडवायचासुद्धा, "आपा, अजून नव्या नवरीसारखी कुजबुजतेस होय गं?" आई लाजल्यासारखं करून पुढचा पेला ओतायची.

पाहुणे गेल्यावर अनारकानने वडिलांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "कधीपासून?"

अतांनी हातातला पेला खाली ठेवला. "तू सासरी गेलीस तेव्हापासून. आधी पाखरं ऐकू येईनात, मग लहान पोरांचे आवाज. तुझी आई म्हणाली, कुणाला सांगू नका, मी आहे ना."

नारीनच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बंद खोलीत बसवून कान तपासले. "थोडा विसराळूपणा वयाचा आहे, तो कानाच्या यंत्राने जायचा नाही," त्या अनारकानला म्हणाल्या. "पण अर्धवट ऐकून उरलेलं जुळवण्यातच यांची ताकद संपते, लक्षात ठेवायला उरत नाही. शिवाय माणसांत बोलणं सुटलं की डोक्यालाही गंज चढतो. यंत्र रोज घालायला लावा. कान नव्याने शिकतील, त्याला महिने लागतील."

पहिल्याच दिवशी अतांनी दोन्ही यंत्रं काढून खिशात टाकली. "या घरात एवढा गोंगाट असतो? चमचा घोड्यासारखा खिंकाळतो! त्यापेक्षा कोल्होझच्या, त्या सरकारी सामुदायिक शेतावरचा रेडिओ बरा, बंद तरी व्हायचा."

"हाही बंद होतो. पण तुम्ही करायचा नाही."

"आईवर गेलीस."

हिवाळाभर अनारकान त्यांच्यासमोर बसून वर्तमानपत्र वाचायची. अतांनी ऐकून आपल्या शब्दांत सांगायचं, मग त्यावर दोघांनी वाद घालायचा. कधी ते थकायचे, कधी ती चिडायची. हळूहळू ते पुन्हा मशिदीच्या ओट्यावर म्हाताऱ्यांत बसू लागले आणि उशिरा, तावातावाने बोलत घरी येऊ लागले. तालायला ती हे फोनवर सांगायची, तर तो म्हणायचा, "यंत्राने कान येतात अनारकान, गेलेलं डोकं येत नाही."

आशच्या दिवशी कुरणावर लोकरी नमद्याचे तंबू उभे राहिले; जेवणानंतर प्रथेप्रमाणे घोड्यांची शर्यतही होती. अता दारात छातीवर हात ठेवून उभे होते. येणारा प्रत्येक जण सोनुनबूबूबद्दल दोन शब्द बोलूनच आत जात होता. तालाय बाजूलाच होता, वडिलांचं काही चुकलं तर सावरायला. अनारकान बायकांच्या तंबूत होती. उकाड्यामुळे नमदे खालून गुंडाळून ठेवले होते, त्यामुळे पुरुषांचं सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

जेवणं झाली. तालायने तोक्तोसूनकडे पाहिलं. तोक्तोसून सरसावून बसला आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "मलाच द्यावी लागणार. हा बिचारा मेलेलीला सोडून शर्यतीच्या घोड्यांना दुवा देऊन बसायचा."

"घोड्यांनाही देईन, व्याही," अता म्हणाले. "तुझा लंगडा आहे, त्याला जरा जास्तच देईन."

तंबू हास्याने हादरला. तोक्तोसून लालबुंद झाला. "अरे, याला तर ऐकू येतंय!"

"येतंय. इतकी वर्षं येत नव्हतं. तू जे जे बोललास ते सोनुनबूबू मला गाळून सांगायची, म्हणून तर आपली सोयरीक टिकली."

या वेळी सगळ्यांत मोठ्याने हसला तो तोक्तोसूनच. हसता हसता त्याने डोळे पुसले.

मग अतांनी दुवेसाठी हात पसरले. ठरलेले शब्द झाले, तरी ते थांबले नाहीत. दारात ज्याने जे सांगितलं होतं, ते एकेकाचं नाव घेऊन ते सांगू लागले. शेरबेतची गाय मेली त्या हिवाळ्यात तिच्या पोरांना सोनुनबूबू दूध पाठवायची. जुमाशला तिने दारूच्या दुकानातून कान धरून बाहेर काढलं होतं. थट्टा करायला येणाऱ्याला ती आधी जेवू घालायची. ज्याचं त्याचं बोलणं ते सगळ्यांसमोर ठेवत होते, आणि ज्याचं नाव निघे तो मान खाली घालत होता. एका नावाशी ते अडले. तालाय सांगायला वाकला, तसा अतांनी पसरलेला एक तळवा जरासा उचलून त्याला थांबवलं. बायकांच्या तंबूत अनारकानने ओठ घट्ट मिटून घेतले.

"उरकुया," अता म्हणाले. "उरकुयाची धाकटी सून. सोनुनबूबूने हिला लोकर पिंजायला शिकवलं. ही म्हणाली, माझ्या हाताला अजून तिचाच हात लागतो."

त्या तरण्या बाईने अनारकानशेजारी हुंदका दिला. "ओमिन," अता दुवा संपवत म्हणाले, आणि दोन्ही तंबूंतले सगळे हात एकाच वेळी चेहऱ्यावरून फिरले.

बाहेर शर्यतीचे घोडे आणत होते. तोक्तोसून अतांचा हात सोडायला तयार नव्हता. "पानगळीत नातवाचं लग्न आहे. दुवा तूच द्यायचीस. पण हा तालाय तुला बिश्केकला नेतोय ना?"

तालायने बुटाच्या टोकाने गवत उकरलं. मग वडिलांचा कोट खांद्यावर नीट करत म्हणाला, "मला काय विचारता? अतांना विचारा."

"येईन की," अता म्हणाले. "मी कुठे चाललोय? पण मला गाण्याच्या भोंग्यापासून लांब बसव, आणि जेवण आधी वाढ. उपाशीपोटी माझी दुवा आखूड होते."