पाटी हरवलेला ट्रान्सफॉर्मर

मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. माझ्या पोटात लोखंडी पत्र्यांची चवड, तिच्याभोवती तांब्याची तार, आणि सगळ्याभोवती टिनाच्या डब्यात ओतलेलं घट्ट डांबर. मित्रांनो, हे डांबर लक्षात ठेवा. त्यानंच घात केला.

नागपुरातल्या एका कापड गिरणीत मी लाऊडस्पीकरला वीज पुरवत असे. माझ्या छातीवर पितळी पाटी होती आणि तिच्यावर माझी ताकद कोरलेली होती. कामगार जाता-येता म्हणत, "आवाज काय खणखणीत आहे!" मी मनातल्या मनात फुगून जाई. पुढे गिरणीनं मला भंगारात काढलं. पितळेच्या लोभानं कुणीतरी पाटी उचकटली आणि मी बिननावाचा झालो.

नागपुरातल्याच महाल भागातल्या भैय्याजी मेकॅनिकनं मला भंगारातून उचललं. माणूस हाताचा कुशल, पण घाईचा. उन्हाळा होता. दुपारी व्होल्टेज इतकं पडे की कूलरचा पंखा नुसता मान हलवी. शेजारचे नत्थूजी दम्याचे रुग्ण. व्होल्टेज वाढवून देणारं काहीतरी हवं म्हणून ते दुकानात आले. भैय्याजीनं मला एका हातानं तोललं.

"वजनदार हाये जी. पाचशे वॅट आरामात खेचते."

"म्हणजे कूलर चालते?"

"एक काहून, दोन चालवा!"

तेव्हा भंगारबाजारात हीच रीत होती, जेवढं वजन तेवढी ताकद. पण माझं अर्धं वजन डांबराचं होतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला वाचा कुठे? मला फक्त घूं घूं करता येतं.

बाहेर उन्हाच्या झळा, म्हणून नत्थूजींनी दार लावून घेतलं आणि ते कूलरसमोर निजले. मी तापलो. डांबर वितळून काळे ओघळ आले, मग धूर. त्या धुरात ते खोकत राहिले. दार उघडलं तेव्हा खोकला थांबला होता आणि श्वासही.

भैय्याजीनं मला परत आणलं, डबा न उघडता वरवर दुरुस्त केलं, पण विकलं नाही. मला वीज दिली की माझ्या घूं घूंमधून तो खोकला येई. मला तो ऐकू येई. त्यालाही येत असावा, कारण तो चटकन बटण बंद करी आणि फळीवर मागे ढकलून देई. कित्येक वर्षं मी धूळ खात तिथे पडलो होतो. मी फार दुःखी होतो, मित्रांनो.

मग एका मे महिन्यात त्याची लेक प्रेमलता बाळंतपणाला माहेरी आली. तान्हं बाळ उकाड्यानं निळंजांभळं होऊन रडे आणि पंखा फिरता फिरेना. भैय्याजीनं फळीकडे हात नेला. त्याची बायको सिंधूताई दारातच आडवी आली.

"त्याले काहून हात लावता? बाळंतिणीच्या खोलीत ते नोको!"

"पहिले पाहतो वं, मंग लावतो," तो खाली मान घालून म्हणाला. "तवा पाह्यलंच नव्हतं."

त्यानं डबा कापला. डांबर खरवडून काढलं. आत मी एवढासा निघालो. ते पाहून त्याला रडू फुटलं. मग माझी खरी ताकद काढायला त्यानं पत्र्यांची मधली दांडी मापली, तारेची जाडी पाहिली. एकेक बल्ब जोडत तो माझ्यावर तळहात ठेवून बसला. दुपारभर बसला. हात भाजू लागला तसे त्यानं बल्ब कमी केले. शेवटी माझ्या अंगावर रंगानं लिहिलं, "फक्त दीडशे."

कूलर नाही, एक टेबलफॅन त्यानं माझ्यावर चालवला. दार उघडं ठेवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. बाळ निजलं.

मित्रांनो, कुणावर ओझं टाकण्याआधी त्याला हातात तोलून पाहू नका, त्याच्या आत पाहा. आम्हांला "नाही" म्हणता येत नाही.

आता भैय्याजी थकलाय. तरी बटण दाबलं की तो माझ्यावर तळहात ठेवतो, कान जवळ आणतो आणि हळूच विचारतो, "नत्थूजी, झेपून राहिलं ना जी?"

तो खोकला अजून माझ्या पोटात आहे. मी तो दाबून धरतो आणि सावकाश घूं घूं करत राहतो.