गाडीत कोण बसणार

इडेलाच्या धाकट्या भावाने, रुलनने, नवी गाडी घेतल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. टपावर दिव्यांची रांग, दाराशेजारी पट्ट्याने बांधलेलं कोरं फावडं, मागच्या काचेवर ‘आम्ही अडकत नाही’ असं ठळक लिहिलेलं. फावड्याच्या दांड्यावरची दुकानाची चिठ्ठीही अजून निघाली नव्हती.

एवढा सगळा जामानिमा, आणि झुडपाची फांदी घासून रंग जाईल म्हणून याचा जीव वरखाली. नदीच्या कोरड्या पात्रातल्या ठरलेल्या वाटेवर झुडपं दाटली होती, तर याने गाडी सरळ वाटेबाहेर घातली. दक्षिण युटाच्या वाळवंटातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की वाटेबाहेरची ती काळी, खरबरीत माती जिवंत असते, बारीक शेवाळाने धरलेली. तिच्यावरून एकदा चाक गेलं की ती पुन्हा धरायला माणसाचं आयुष्य जातं. तिच्यावर दोन लांबलचक चर ओढून रुलनने गाडी पलीकडच्या मऊ वाळूत पोटापर्यंत रुतवली. चाकं वाळूत रुतू नयेत म्हणून टायरमधली हवा तरी कमी करावी? छे. सकाळी वाटेच्या तोंडाशी बरोबर आलेले बाकी सगळे चाकांशी उकिडवे बसून हवा सोडत होते, तेव्हा हे महाराज फोटो काढत होते.

इडेला आपली जुनी गाडी वाटेवरच ठेवून चालत आली. रुलनचा दोस्त लव्हार पुढच्या कातळावर ट्रक लावून तयार बसला होता. ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा होता. रुलनने ओढायच्या पट्ट्याचं एक टोक त्या गोळ्यात अडकवलं होतं आणि दुसरं आपल्या गाडीच्या पुढच्या हुकात. गाडीत स्टिअरिंगमागे रुलनची बायको चार्लीन बसली होती.

“पट्टा काढ तिथून,” इडेला म्हणाली.

“झालं, आल्या मास्तरीणबाई,” रुलन म्हणाला. “ट्रेलर ओढतो ना तो? मग गाडी का नाही ओढणार?”

“ट्रेलर सावकाश ओढतात. हा पट्टा रबरासारखा ताणला जातो आणि हिसका देतो. तो गोळा तुटला तर समोरची काच फोडून आत येईल. चार्लीन बसलीय तिथे, डोळे फुटलेत का तुझे? आधी वाळू उपस, हवा सोड. ओढायची वेळही येणार नाही.”

“वाळू उपसायला मी काय मजूर आहे? काही होत नाही गं. तू म्हणजे कायमची रडकी.”

लव्हार खिडकीतून हसला. त्याला रुलन सांगेल तेवढंच कळायचं.

तेव्हा इडेलाच्या लक्षात आलं की रुलनचं फक्त डोकं दिसतंय. बाकीचा रुलन एका भल्या मोठ्या दगडाआड होता, हातात फोन धरून.

“काही होत नाही ना?” तिने विचारलं.

“नाही म्हटलं ना.”

“मग तू दगडाआड कशाला?”

“इथून व्हिडिओ चांगला येतो.”

इडेलाला त्याची किळस आली. तिने जाऊन गाडीचं दार उघडलं.

“उतर, चार्लीन. हा बसेल आत.”

चार्लीनने नवऱ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग काचेतून समोरच्या गोळ्याकडे. ती उतरली आणि दार उघडंच ठेवून बाजूला झाली.

“ये ना,” ती म्हणाली.

रुलन जागचा हलला नाही. “अगं, पण मग व्हिडिओ कोण काढणार?”

“मी काढते,” चार्लीन म्हणाली आणि फोनसाठी हात पुढे केला.

लव्हारने ट्रक बंद केला. शेवटी रुलन दगडाआडून बाहेर आला, उघड्या दारावरून तसाच पुढे गेला आणि त्याने फावडं सोडवलं.

“तशी थोडी वाळू उपसलेली बरीच,” तो पुटपुटला.

तो घाम गाळत खणत राहिला, मग एकेका चाकाशी बसून त्याने हवा सोडली. ओढायचा पट्टा सोडून तो आत बसला, आणि कुणी न ओढता गाडी आपल्याच चरांवरून मागे वाटेवर आली.

“बघितलंस? निघाली की नाही?” त्याने आतून हाक मारली. “चल, बस.”

चार्लीन इडेलाच्या जुन्या गाडीत बसली होती. सीटबेल्ट लावून तिने काच खाली केली.

“तू हो पुढे,” ती म्हणाली.