छातीतला कापूस

पुस्तक काखेत धरून तो दारात उभा राहिला, तेव्हा बाईंना वाटलं, मुलासाठी शिकवणी विचारायला आला असेल.

"मुलासाठी नाही, माझ्यासाठीच," तो म्हणाला. "दहावीचे बाकीचे विषय सुटले. इंग्रजीत दोनदा आपटलो."

वय चाळिशीच्या पुढचं. सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरणाऱ्या यंत्रांवर, अठरा वर्षं झालेली. गिरणीच्या टाइमऑफिसात कारकुनाची जागा निघणार होती आणि तिला दहावी पास लागत होती. ती जागा त्याला का हवी, हे बाईंनी विचारलं नाही. यंत्रापेक्षा खुर्ची कोणालाही बरी वाटते, असं त्या धरून चालल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, दुपार खायला उठायची. त्यांनी मंगळवार आणि शुक्रवार दिला.

सकाळची पाळी संपवून तो यायचा. केसांत, भुवयांवर पांढरा भुगा. बसण्याआधी दाराबाहेर शर्ट झटकायचा. जिना चढून आला की पाच मिनिटं गप्प बसायचा. बाईंना वाटायचं, संकोच असेल.

व्याकरण त्याने रेटून पाठ केलं. घोडं अडलं ते अलंकारांपाशी.

"हे चार मार्क हातचे असतात," बाई म्हणायच्या. "लाइक किंवा ॲज दिसलं की बहुतेक सिमिली. खरं नसतं इतकं फुगवलं की हायपरबोली. एक गोष्ट म्हणजे दुसरीच, असं थेट सांगितलं की मेटाफर. आता ही ओळ बघा. थकलेला सूर्य घरी झोपायला गेला."

"सूर्य थकेल कसा, बाई? आमचं यंत्रसुद्धा थकत नाही. पट्टा तुटतो, नाहीतर बेअरिंग जातं."

"म्हणून तर ते पर्सोनिफिकेशन."

"म्हणजे खोटं बोलायचं, पण नीटनेटकं."

बाईंना हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं.

परीक्षेला महिना उरला, तेव्हा त्यांनी प्रत्येक अलंकाराचं एकेक वाक्य स्वतःच्या मनाने लिहून आणायला सांगितलं. तीन वाक्यं पुस्तकातलीच, थोडी वळवलेली. मेटाफरसमोर मात्र लिहिलं होतं, 'माय चेस्ट इज फुल ऑफ कॉटन.' माझी छाती कापसाने भरली आहे.

बाई खूश झाल्या. "हे कुठून सुचलं? छातीत कापूस म्हणजे मनात काहीतरी मऊ, कोंडलेलं. कवी असाच विचार करतो." त्यांनी लाल पेनने बरोबरची खूण केली आणि शेजारी 'व्हेरी गुड' लिहिलं.

तो वहीकडे बघत राहिला. "मार्क मिळतील ना याला?"

"पूर्ण मिळतील."

"मग राहू द्या."

त्यानंतर तो दोन आठवडे फिरकला नाही. परीक्षा तोंडावर आली, तेव्हा बाई पत्ता शोधत त्याच्या घरी गेल्या. एकच खोली, खिडकीला जाळी. तो भिंतीला तीन उशा लावून बसला होता, कारण आडवं झालं की श्वास लागत होता. त्याची बायको बाईंना दाराबाहेर घेऊन गेली.

"डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "कापसाची धूळ छातीत बसलीय, त्या खात्यातून बाहेर काढा. म्हणून तर हा परीक्षेचा आटापिटा. तुम्हाला बोलले नाहीत?"

बाई आत येऊन त्याच्याजवळ बसल्या. इतकी वर्षं वर्गात उभं राहून त्यांनी हजारो वाक्यांना नावं ठेवली होती.

"तुम्ही मला तेव्हाच सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी आपली खूण करून मोकळी झाले."

"मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून खरं तेच लिहिलं," तो थांबत थांबत म्हणाला. "तुम्ही मेटाफर म्हणालात. म्हटलं, मार्क मिळतात तर मेटाफर."

परीक्षेला बाई त्याला रिक्षाने घेऊन गेल्या. केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. खालच्या मजल्यावर बसवा, म्हणून त्यांनी केंद्रप्रमुखांना विनवलं. अर्ज आधी द्यायला हवा होता, असं उत्तर मिळालं. प्रत्येक वळणावर थांबत तो वर पोचला तेव्हा वीस मिनिटं गेली होती. शेवटचे दोन प्रश्न राहिले. निकालात चार मार्क कमी पडले.

टाइमऑफिसातली जागा दुसऱ्याने धरली. बाईंनी गिरणीच्या मॅनेजरला पत्र लिहिलं, मग स्वतः जाऊन भेटल्या. मॅनेजरने चहा पाजला आणि नियम दाखवला. तो पुन्हा कार्डिंगवर गेला, तोंडाला ओला रुमाल बांधून. सात महिने निघाले. थंडी सुरू झाली आणि तो गेला.

पंधरा दिवसांनी बाई त्याच्या बायकोकडे गेल्या, तेव्हा ती कामावर निघायच्या गडबडीत होती. दोरीवर गिरणीचा निळा झगा वाळत होता. तो झगा ती काढत होती.

"त्यांच्या जागी घेतलं मला," ती म्हणाली. "पत्र कालच आलं."

"कुठल्या खात्यात?"

"जागा रिकामी होती तिथेच."

"दुसरीकडे कुठे मागायची होतीस गं. मी बोलते मॅनेजरशी."

"बोला ना," ती झग्याची बटणं लावत म्हणाली. "पण आज पहिला दिवस आहे बाई, आज उशीर नको."

तिने खोलीला कुलूप लावलं. दोघी जिना उतरून कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत गेल्या. मग ती गिरणीच्या बाजूला वळली.