जिना गेला, कठडा राहिला

मित्रांनो, मी सागवानी कठडा आहे. जिन्याचा. जिना आता नाही, मी मात्र अजून आहे. हे कसं झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आमचं घर शहराच्या जुन्या भागातलं. दोन्ही बाजूंच्या घरांना खांदे लावून उभं राहिलेलं, अरुंद आणि खोल. पुढून आणि मागून काय येईल तेवढाच उजेड. मधल्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागे. त्या अंधारातूनच जिना वर जायचा. चौदा पायऱ्या, आठवीला वळण. एका सुताराने तीन आठवडे खपून मला घडवलं. वळणाचा भाग कोरताना त्याचे दोन तुकडे वाया गेले, तिसरा जमला. काम संपल्यावर तो त्या वेळच्या मालकांना म्हणाला, "आता यावरून माणसांचे हात फिरू द्या. तेच खरं पॉलिश."

पुढे हे घर एका बुकबाइंडरने घेतलं. त्यांना मी बाबा म्हणतो, कारण घरात सगळे तसंच म्हणत. वरच्या खोलीत त्यांचं काम चाले. पुस्तकं दाबायचा एक लोखंडी प्रेस होता, त्याचं चाक फिरवल्याचा आवाज मला खालीही ऐकू येई. जेवायला हाक आली की बाबा मला धरून खाली येत आणि हाताची खळ माझ्या अंगाला लागे. आई चिडायच्या. म्हणायच्या, "आता कठड्यालाही पुठ्ठा चढवणार का?" त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्यावरून घसरत लहानाचा मोठा झाला. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी मला रंगाचा नवा हात देई. नव्याने येणारा पाहुणा वळणापाशी हमखास थांबे आणि म्हणे, "वा! काय काम आहे!" मला फार बरं वाटायचं.

मग आई आजारी पडल्या. त्यांचं अंथरूण मधल्या खोलीत होतं. तिथे खिडकी नव्हती. "जरा ऊन दिसलं असतं तर बरं वाटलं असतं," असं त्या एकदा म्हणाल्या. मुलाने ते ऐकलं आणि मनात जपून ठेवलं. आई गेल्या, पण ते वाक्य त्याच्या मनातून गेलं नाही. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे जे घडलं, ते कुणाच्या वाईटपणामुळे घडलं नाही.

त्यानंतर बाबांचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडा अंधारल्या, मग मधलंही विझलं. डॉक्टरांनी हात टेकले. पण बाबा काही हातपाय गाळून बसले नाहीत. तीस वर्षं वापरलेलं घर त्यांच्या पावलांना पाठ होतं. कुठल्या फरशीचा आवाज पोकळ येतो, कुठल्या दाराशी वाऱ्याची झुळूक लागते, सगळं त्यांना ठाऊक. उजवा हात माझ्यावर ठेवून ते झपझप वर जात. वर बसून बोटांनी चाचपत पानं शिवत, प्रेसचं चाक फिरवत. खाली येऊन आपला चहा आपण करून घेत. सून नवी होती तेव्हा सारखी मागे धावायची. बाबा तिला म्हणाले, "अगं, या घरात चोर शिरला ना, तर मीच त्याला धरून जिना उतरवून देईन. तो पडेल, मी नाही."

अशी सहा वर्षं गेली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं. पूर्वी माझं कौतुक व्हायचं, पण माझी गरज अशी कुणाला नव्हती.

एका रविवारी मुलगा एका आर्किटेक्टबाईंना घेऊन आला. हुशार बाई, बोलायला गोड. त्यांनी पुठ्ठ्याची प्रतिकृती टेबलावर ठेवली. मागची भिंत काढायची, घर मागच्या अंगणात वाढवायचं, तिथे दोन मजले उंच काच लावायची. मधल्या खोल्यांच्या भिंती पाडून जमिनीपासून छपरापर्यंत एकच मोठी मोकळी जागा. मुलगा उत्साहाने सांगत होता, "बाबा, मधल्या खोलीतसुद्धा ऊन येईल!"

बाबांनी पुठ्ठ्याच्या घरावरून सावकाश बोटं फिरवली. पुठ्ठा हा त्यांच्या हातातला विषय. "कापलंय छान," ते म्हणाले. मग विचारलं, "जिना कुठाय?"

"आहे ना, काका," बाई म्हणाल्या. "भिंतीतून नुसत्या पायऱ्या बाहेर येतील. तरंगल्यासारख्या. कठडा नको, नजर अडते."

"माझी कुठली अडायला!" बाबा हसले. मग म्हणाले, "पण मी वर जायचं कसं?"

मुलगा पुढे सरकला. "बाबा, तुमच्यासाठी खालीच खोली करतोय. शेजारीच बाथरूम. तुम्हाला वर जायची गरजच पडणार नाही."

बाबांची बोटं अजून त्या छोट्या घरात फिरत होती. मुलाचा आवाज किती दिवसांनी असा खुलला होता, हे त्यांनाही कळलं असणार. शेवटी ते म्हणाले, "बांधा. तुम्हाला राहायचंय."

त्यांनी होकार दिला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

घरचे लोक भाड्याच्या जागेत गेले. मग मिस्त्री आले, घण आले, धूळ आली. जिन्याच्या पायऱ्या उखडल्या आणि टेम्पोत भरून कुठे गेल्या, मला माहीत नाही. मिस्त्रीने मला मात्र जपून उतरवलं. तो बाईंना म्हणाला, "मॅडम, माल अस्सल आहे. नव्या पायऱ्यांना एका बाजूने तरी हा लावू या. घरात आंधळं माणूस आहे."

बाई विचारात पडल्या. त्यांनी कागद पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा कागद पाहिला. "रेषा बिघडेल हो," त्या म्हणाल्या. "पण टाकायचा नाही. भिंतीवर लावू, आठवण म्हणून."

माझ्यावरचे रंगाचे सगळे थर खरवडून काढले. वळणाचा भाग भिंतीवर सपाट बसेना, म्हणून तो करवतीने कापला. जाड, चकचकीत लाख चढवली आणि मला उंच पांढऱ्या भिंतीवर आडवं टांगलं. खाली दिवे लावले. मी पूर्वी कधी इतका देखणा दिसलो नव्हतो आणि इतका बिनकामाचाही.

दहा महिन्यांनी बाबा घरी परत आले. आत दोन पावलं टाकून थांबले. काठी आपटून पाहिली. आवाज वर गेला आणि भलतीकडूनच परत आला. "सभागृहात आणलंस का रे मला?" त्यांनी विचारलं. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ते काचेवर आपटले आणि कपाळाला टेंगूळ आलं. तेव्हाही ते म्हणाले, "डोळ्यांतला काचबिंदू कमी पडला म्हणून भिंतीलाही लावलात होय?" सगळे पुन्हा हसले, जरा कमी. मग काच ओळखू यावी म्हणून सुनेने तिच्यावर रंगीत गोल टिकल्या चिकटवल्या. त्या कुणासाठी होत्या, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

एका मासिकाचा फोटोग्राफर आला होता. त्याने माझे बरेच फोटो काढले. बाबा काचेशी उन्हात बसले होते. तो अदबीने म्हणाला, "आजोबा, दहा मिनिटं आत बसाल का? फ्रेममध्ये खुर्ची येतेय." बाबा उठले आणि भिंत चाचपत आत गेले.

त्याच आठवड्यात एका दुपारी घरात कुणी नव्हतं. बाबा खोलीतून बाहेर आले. त्यांना वर जाऊन आपला प्रेस बघायचा होता. 'वर नीट ठेवलाय' एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्याच्यावर झाडाची कुंडी ठेवली आहे, हे सांगितलं नव्हतं. त्यांना पहिली पायरी सापडली. दुसरी, तिसरी चढले. उजवा हात गुळगुळीत भिंतीवरून काहीतरी शोधत फिरत होता. डाव्या बाजूला नुसती हवा होती. सहाव्या पायरीवर काठी पोकळीत गेली आणि ते जागीच थिजले. मी समोर, नऊ फूट उंच, दिव्यांच्या वर. मित्रांनो, हाक मारता आली असती तर मी मारली असती.

ते हळूच खाली बसले. तसेच बसून, घसरत, एकेक पायरी उतरले. पँट झटकली आणि खोलीत गेले. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. त्यानंतर ते खोलीबाहेर पडले नाहीत.

बाबा बाहेर का येत नाहीत, हे मुलाला समजायला तीन महिने लागले. तोवर बाबांच्या पायांतलं बळ गेलं होतं. त्यांना बाथरूमपर्यंतही हात धरून न्यावं लागे. बसल्या जागी त्यांची बोटं शिवण घातल्यासारखी हलत. मुलाने मिस्त्रीला बोलावलं. "हा काढून बाबांच्या खोलीत लावा. ते याच्या आधाराने चालायचे."

"लावतो, साहेब," मिस्त्री म्हणाला. "पण उशीर केलात."

मला खाली उतरवून बाबांच्या पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत बसवलं. मुलाने त्यांचा हात उचलून माझ्यावर ठेवला. कितीतरी दिवसांनी तो तळवा मला लागला. मी वाट पाहत राहिलो.

बाबांनी बोटं इकडून तिकडे फिरवली. "काय रे हे? स्टीलचं?"

"लाकूड आहे, बाबा."

"असं होय. बरं केलंस. गुळगुळीत आहे."

मुलगा बाहेर जाऊन काचेसमोर उभा राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं.

आता बाबा दिवसातून चार वेळा मला धरतात. सात पावलं जायचं, सात पावलं यायचं. परक्या घरातल्या वस्तूला धरावं, तसे जरा बिचकतच धरतात.

मित्रांनो, घरं जरूर वाढवा. उजेड आत घ्या, भिंती पाडा, हवं ते नवं करा. पण पहिला घाव घालण्याआधी घरातलं जे माणूस स्वतःबद्दल सगळ्यांत कमी बोलतं, त्याच्याबरोबर ते घर एकदा चालून पाहा. त्याचा हात कुठे कुठे टेकतो, ते बघा. ते लगेच 'हो' म्हणालं, तर सुटलो असं समजू नका. बसा आणि पुन्हा विचारा. आम्हाला पुन्हा कुणी विचारलं नाही. आता विचारलं, तरी मला परत लावायला तो जिना उरलेला नाही.