दामल्यांच्या गाडीची बॅटरी

आमच्या नातेवाइकांत कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की आधी मला फोन येतो. आतापर्यंत अकरा गाड्या मी घेऊन दिल्या आणि त्यातली एकही रस्त्यात बंद पडली नाही, हे मी दर लग्नात, दर मुंजीत कुणी न विचारता सांगत आलोय. मी काही मोठा इंजिनिअर नव्हे. अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. पण बॉनेट उघडून मी नुसतं ‘हं’ म्हटलं की चारचौघं गप्प होतात. त्या ‘हं’ची मला चटक लागली होती. आता जे सांगणार आहे ते सांगताना मान खाली जाते, पण सांगून टाकतो.

भाव करण्याचा माझा एकच नियम होता, नाव ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही. हा मी वडिलांकडून उचलला. कल्याणच्या मार्केटात ते चांगला घट्ट कोबीचा गड्डा हातात घेऊन नाक मुरडायचे आणि आतून पोकळ आहे म्हणायचे. भाजीवाला म्हणायचा, दादा, तुमचं पाकीट पोकळ आहे ते सांगा. दोघंही हसायचे आणि मधल्या भावाने कोबी पिशवीत पडायचा. घेणारा थापा मारतो हे विकणाऱ्याला ठाऊक असतं आणि विकणारा चढवून सांगतो हे घेणाऱ्याला. यात कुणी कुणाला फसवत नाही, असं मी साठ वर्षं धरून चाललो.

माझा पुतण्या साकेत डोंबिवलीहून रोज ठाण्याला ऑफिसला जातो, शीळ रोडने. तो रस्ता ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. तासभर पहिल्या गियरमध्ये सरकायचं आणि पेट्रोल नुसतं जाळायचं. म्हणून त्याला हायब्रिड हवी होती, म्हणजे गर्दीत बॅटरीवर चालणारी आणि मोकळ्या रस्त्यावर पेट्रोलवर. नवी परवडत नव्हती. घरात वर्षाचं बाळ, तेव्हा वाटेत दगा देणारीही नको होती. बरेच दिवस शोधल्यावर त्याला कल्याणच्या रामबागेतली एक जाहिरात सापडली. नऊ वर्षं जुनी, पण नीट वापरलेली. किंमत सहा लाख.

रविवारी सकाळी साकेत, त्याची बायको ऋजुता आणि मी रिक्षाने तिथे गेलो. मालक श्रीपाद दामले, वय चौऱ्याहत्तर, विमा कंपनीतून निवृत्त. दार त्यांच्या पत्नीने, सुहासिनीबाईंनी उघडलं. दामल्यांचा एक डोळा साखरेने गेला होता आणि दुसऱ्याने जेमतेम दिसत होतं. तो वाचवायचा तर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागणार होतं. गाडी विकून तो खर्च भागवायचा होता. हे सगळं बाईंनी नारळाच्या वड्या पुढे करता करता सांगितलं, रडगाणं न गाता. मी ते ऐकलं आणि मनात नोंद केली की विकणारा गरजू आहे. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

गाडी झकास होती. शिवाजी चौकाच्या कोंडीत ती आवाज न करता नुसती पुढे सरकत राहिली, साकेतला हसू आवरेना. मी माझा छोटा स्कॅनर स्टिअरिंगखाली लावला, मोबाइलवर बॅटरीचे आकडे आले. कप्प्यामागून कप्पा, सगळे सारखे. नऊ वर्षांच्या बॅटरीची इतकी चांगली तब्येत मी पाहिली नव्हती. मागच्या सीटवरून ऋजुताही वाकून बघत होती. छान आहे ना काका, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो.

आणि वर दामल्यांच्या घरी येऊन बसल्यावर मी ‘हं’ म्हटलं. मग चष्मा काढला, पुसला, आणि म्हणालो की बाकी ठीक आहे, पण बॅटरीचं काही खरं नाही. सहा महिने, फार तर वर्ष. वॉरंटी संपलेली, नवी टाकायची म्हणजे लाखांचं काम.

आता दामल्यांनी म्हणायला हवं होतं की काहीतरीच काय, आत्ताच सर्व्हिसिंग झालंय. मग मी पन्नास हजार कमी करा म्हणालो असतो, ते वीस म्हणाले असते, आणि उरलेल्या वड्या संपवून आम्ही उठलो असतो. पण त्यांनी शांतपणे विचारलं, हे मी मशीनवर पाहिलं का, चूक होण्याची शक्यता किती. मी पाहिलं म्हणालो. माघार घ्यायला तेवढीच जागा होती, तीही मी बुजवली.

“बरं झालं सांगितलंत,” दामले म्हणाले. “मग ही गाडी मी या मुलांना देणार नाही. घरात तान्हं बाळ आहे.”

मी घाईघाईने म्हणालो की तसं नाही, किंमत थोडी कमी केलीत तर आम्ही धोका पत्करू. ते नाहीच म्हणाले. धोका पत्करायला मुलं तयार असतील, पण जाणूनबुजून द्यायला ते तयार नव्हते. वर माझे हात हातात घेऊन त्यांनी आभार मानले.

खाली रिक्षात बसल्यावर साकेत म्हणाला, “काका, बॅटरी तर मस्त होती. मग आत असं काय बोललात?” मी हसलो आणि म्हणालो, भाव पाडायला असं बोलावंच लागतं, चार दिवस थांब, म्हातारा स्वतः फोन करेल. ऋजुता बाहेर बघत बसली होती.

चार दिवस गेले, आठ गेले. मग साकेतने मला दामल्यांची बदललेली जाहिरात पाठवली. किंमत चार लाख केली होती आणि खाली एक ओळ वाढवली होती, ‘गाडीची बॅटरी कमकुवत असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले आहे, तरी खरेदीदाराने विचार करून यावे.’ तज्ज्ञ म्हणजे मी. आयुष्यभर ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो असा छापून आला.

साकेतने फोन करून सांगितलं की काका, त्यांना खरं सांगा, नाहीतर मी सांगतो. त्याला मी जोरात दरडावलं. मोठ्यांचा मान ठेवायला शिक म्हणालो, माझं मी बघतो म्हणालो. तो बिचारा गप्प बसला. मग मी दामल्यांना फोन केला, पण खरं सांगायला जीभ रेटेना. आडवळणाने म्हणालो की एकदा सर्व्हिस सेंटरला दाखवून घ्या, माझाही अंदाज चुकू शकतो.

“त्यांना कशाला दाखवायची?” दामले म्हणाले. “त्यांना बॅटरी खपवायची असते. तुम्हाला काय स्वार्थ होता? तुम्ही तर गाडी न घेता परत गेलात.”

मी काळजी घ्या म्हणून फोन ठेवला. नंतर चार दिवस बायकोवर विनाकारण खेकसत होतो. ती म्हणाली, काही खुपत असेल तर बोलून टाका, माझ्यावर नका काढू. तिलाही सांगितलं नाही.

महिना उलटून गेल्यावर एका दुपारी सुहासिनीबाईंचा फोन आला. जाहिरात वाचून लोक यायचे, हे स्वतः बॅटरीचं पुन्हा नीट समजावून सांगायचे आणि लोक निघून जायचे. आता विठ्ठलवाडीचा एक दलाल सव्वादोन लाख देतो म्हणत होता, उद्या सकाळी गाडी न्यायला येणार होता. “तुम्ही जाणकार आहात,” त्या म्हणाल्या. “देऊन टाकू का? तुम्ही म्हणाल तसं करतो.”

खोटं का बोलू, एक क्षण माझ्या मनात आलं की सव्वादोनला आपणच घेऊन टाकावी. साकेतला काय, सांगता येईल काहीतरी. तो एक क्षण माझ्या मनात येऊन गेला हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाईंना म्हणालो, कुणाला काही देऊ नका, मी येतो. पायात चपला सरकवल्या आणि निघालो.

दामले खिडकीपाशी बसले होते. पाणी आलं, चहा आला. मी कशालाही हात लावला नाही.

“बॅटरी उत्तम आहे,” मी म्हणालो. “मला त्याच दिवशी माहीत होतं. भाव पाडायला बोललो.”

माझ्या अपेक्षेप्रमाणे ते चिडले असते तर बरं झालं असतं. बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्या एवढंच म्हणाल्या की अहो, यांनी या महिन्याचं इंजेक्शन पुढे ढकललंय. दामल्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. तारीख पुन्हा घेता येईल म्हणाले. मग विचारलं, आपण किती जणांना सांगितलं?

बाईंनी वहीत पाहिलं. दहा.

“नंबर लावून द्याल का?” दामले मला म्हणाले. “मला आकडे दिसत नाहीत.”

मी नंबर लावत गेलो. फोन स्पीकरवर ठेवून ते प्रत्येकाला तेच सांगत होते. मी दामले, कल्याणहून. गाडीच्या बॅटरीबद्दल माझ्याकडून आपल्याला चुकीची माहिती दिली गेली. बॅटरी चांगली आहे. तसदीबद्दल माफ करा. माझं नाव एकदाही घेतलं नाही. दोघातिघांनी बरं म्हटलं. एकाने मध्येच फोन ठेवला. एक जण तर मोठ्याने हसला आणि म्हणाला, “काय काका, गाडी जात नाही म्हणून आता बॅटरी चांगली झाली काय?” दामले म्हणाले, आपल्याला तसं वाटणं साहजिक आहे.

तीस वर्षं त्या माणसाने लोकांचे क्लेम एकाच कारणासाठी नाकारले होते, माहीत असलेलं लपवलं म्हणून. त्याला लबाड म्हणवून घ्यायची वेळ माझ्यामुळे आली, आणि नंबर लावत होतो मी. मला सहन होईना. माझं नाव सांगा, मी स्वतः बोलतो म्हणालो. ते म्हणाले, जाहिरात माझी होती, पुढचा नंबर लावा.

वहीत सगळ्यात वरचा नंबर साकेतचा होता, तो मी शेवटासाठी ठेवला होता. साकेतने दामल्यांचं सगळं ऐकून घेतलं.

“काका, चूक तुमची नाही, आमची आहे,” तो म्हणाला. “मला पहिल्या दिवसापासून माहितीय. मीच यायला पायजे होतं, नाही आलो. गाडी आम्ही घेतो, सहा लाखालाच. उद्या सकाळी येतो.”

दामल्यांचा चेहरा महिनाभरात पहिल्यांदा सैल झाला असावा. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. फोन ठेवण्याआधी दामले म्हणाले, “आणि बरं का, तुमच्या काकांवर रागावू नका. त्यांनी आज स्वतः येऊन मला खरं काय ते सांगितलं.”

“कोणत्या काकांनी?” साकेतने विचारलं.

“मुकुलरावांनी. दुसरे कोण?”

“नाही हो,” साकेत अगदी नम्रपणे, समजूत काढल्यासारखा म्हणाला. “मुकुलकाका नसतील ते. दुसरं कोणीतरी आलं असेल.”

दामल्यांनी मान माझ्या दिशेला वळवली आणि वाट पाहत राहिले. मी फोनपासून हातभर अंतरावर बसलो होतो. मीच आहे रे, एवढं म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा मिटलं.