शेपूट नसलेली चिंधी

बॉनेट

"उघडताना जो क्रम, बसवताना त्याच्या उलटा," मिस्त्री म्हणाले. "एवढं डोक्यात ठेवा. बाकीचं हात बघून घेतात."

जावयाने मान डोलावली. दोघांनी बॉनेट उचललं, शेडच्या भिंतीला टेकवलं आणि मिस्त्री पुन्हा गप्प झाले.

आठवडाभर ते असेच गप्प होते. ओरडले असते तर जावयाला बरं वाटलं असतं. पण जावयावर ओरडायचं कसं? सासऱ्याची गाडी मागून न्यायची, चढावर वाफ निघेपर्यंत तापवायची आणि दोरीला बांधून परत आणायची, हे पोटच्या पोराने केलं असतं तर मिस्त्री पाना घेऊनच त्याच्या मागे लागले असते. जावयाला मात्र चहा द्यावा लागला. तोही बशीसकट.

जावई दातांचा डॉक्टर. मिस्त्री जन्मभर इंजिनांचे. गॅरेज आता विकलं होतं. घरामागच्या या शेडमध्ये त्यांना एकच पेशंट उरला होता, ही गाडी. सासूबाई तिला सवत म्हणत.

"इंजिनाचा ब्लॉक फुटला असेल तर आपण दुसऱ्या गावी राहायला जाऊ," असं जावयाची बायको सकाळी म्हणाली होती. हसली होती, पण थोडंसंच.

रेडिएटर

नळी सोडली तशी बादलीत दुधाळ, तपकिरी पाणी आलं. मिस्त्रींनी त्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं.

"तेल मिसळलंय." मग, आठवड्याने, तो प्रश्न आलाच. "काटा लाल पट्टीत गेला तेव्हा थांबला का नाहीत?"

"तुम्हीच म्हणाला होतात, बाबा. काटा जरा वरच राहतो, तो तिचा स्वभाव आहे म्हणून."

"वर म्हणालो होतो. लाल कुठे म्हणालो?"

"चढ संपतच आला होता."

"चढ संपला नाही. गाडी संपली."

दारात सासूबाई कप न्यायला आल्या होत्या. "अहो, संपली काय लगेच? नीट सांगा की त्यांना."

मिस्त्रींनी बादलीकडे बघत सांगितलं. पाण्यात तेल येण्याची कारणं दोन. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण, ब्लॉक म्हणजे धड; त्यांच्या मधलं गॅस्केट जळलं असेल तर नवं घालायचं, विषय संपला. पण ब्लॉकलाच तडा गेला असेल तर या गाडीचा ब्लॉक आता कुठे मिळत नाही.

"मग?"

"मग भंगार."

जावयाने चहा न पिताच कप परत दिला.

साखळी

शेडच्या तुळईला कप्पी टांगलेली होती. जावई साखळी ओढत होता, मिस्त्री इंजिनाला दोन्ही हातांनी सांभाळत होते.

"हळू! दाढ उपटताय का?"

"दाढ याहून सोपी, बाबा."

"असणारच. तिला भूल देता. हिला कोण देणार?"

इंजिन टपटप तेल गाळत वर आलं, एकदा झुललं आणि थांबलं. खाली गाडीच्या पोटात मोठी काळी पोकळी. जावयाला ती बघवेना. रोज तो लोकांच्या तोंडात अशा पोकळ्या बघायचा, पण त्या त्याने केलेल्या नसायच्या.

हेड

बाकावर ठेवलेल्या इंजिनाचे बोल्ट मिस्त्रींनी कडेकडून मधे, प्रत्येकाला थोडं थोडं ढिलं करत सोडवले. हेड उचललं. गॅस्केट एका जागी जळून काळं पडलं होतं.

"मग गॅस्केटच!" जावई म्हणाला.

"गॅस्केट जळलं म्हणजे तडा गेला नाही, असं कोण म्हणालं? दाढ दुखते म्हणजे शेजारची चांगली असते का?"

बरोबर होतं ते.

आता सफाई. मिस्त्री जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून ब्लॉकच्या एकेका भोकात कोंबायला लागले. "कार्बन खरवडताना कचरा आत पडू नये म्हणून. आणि हे बघा, प्रत्येकीचं शेपूट बाहेर ठेवायचं. शेपूट नसलेली चिंधी म्हणजे विसरलेली चिंधी."

"आम्ही कापसाचे बोळे ठेवतो. तेच."

"तुमचा पेशंट तोंड मिटताना ओरडेल तरी. ही मुकी आहे."

जावयाने आपली बॅग उघडली. दातांवरची कीटणं काढायच्या बारीक, वाकड्या आकड्या त्याने पुसून ओळीने मांडल्या. मिस्त्रींनी चष्म्यावरून बघितलं.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात."

"आमचं भरतं, बाबा."

मिस्त्रींच्या मिशा हलल्या. हसू म्हणता येईल इतक्या नाही, पण हलल्या.

जावई खरवडत गेला. काळ्याखालून करडं लोखंड वर येऊ लागलं. मधल्या दोन सिलिंडरांच्या मधे त्याचा हात थांबला. तिथे एक रेघ होती, केसाइतकी. खरवडून ती जात नव्हती.

त्याला ती दाखवायची नव्हती. दाखवली.

मिस्त्रींनी रेघेवरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. "नख अडकलं तर तडा. अडकतंय की नाही, कळत नाही," ते म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

पाण्याची वाट

तपासण्याआधी ब्लॉक आतून स्वच्छ हवा. जावयाने इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांमधून तार फिरवली. मागच्या कोपऱ्यात तार कुठल्याशा मऊ वस्तूला लागून परत आली. त्याने तोंडात घालायचा छोटा आरसा घेतला, बॅटरी धरली आणि वाकून बघितलं.

आरशात एक निळं फूल होतं.

कापडावरचं फूल. गंजाने माखलेलं, आत दडपलेलं, आणि शेपूट नाही.

या इंजिनाला मिस्त्रींखेरीज कोणाचा हात लागला नव्हता, हे जावयाला ठाऊक होतं. मागे कधीतरी, गॅरेज चालू असताना, त्यांनी ते उघडलं होतं. तेव्हापासून काटा वर होता. तेव्हापासून तो 'स्वभाव' होता.

चिमट्याने ओढल्यावर ते लांबच लांब येत राहिलं. त्याने मुठीत गोळा केलं.

"काय निघालं?"

"कचरा आहे, बाबा."

"बघू."

"घाण आहे नुसती. टाकतो."

"डॉक्टर," मिस्त्री म्हणाले, "मूठ उघडा."

त्यांनी तो बोळा घेतला, पिळला, तळहातावर पसरला. कुणी काही बोलण्याआधी दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"अगंबाई! हा तर माझा अभ्रा! जोडीतला! आणि वाळत घातलेला तारेवरून चोरला म्हणून मी शेजारणीला..." त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. "किती वर्षं बोलले नाही हो मी तिच्याशी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली."

मिस्त्री गाडीच्या रिकाम्या पोटाकडे बघत होते.

"तापट नव्हतीच ती," ते म्हणाले. "मीच तिच्या घशात बोळा घातला होता."

खडू

रॉकेलचा डबा आणि ब्रश त्यांनी जावयापुढे सरकवला. "तुम्ही करा."

"मी?"

"तुमच्या आईचा दात तुम्ही काढाल का? मग. माझ्याच्याने बघवणार नाही."

रीत त्यांनी दाराकडे चालतच सांगितली. रेघेवर रॉकेल लावायचं, मुरू द्यायचं, वरून कोरडं पुसायचं, खडू घासायचा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळी रेघ उमटते. नसेल तर पांढरं ते पांढरंच.

ते बाहेर जाऊन शेडकडे पाठ करून बसले. समोर कपड्यांची तार होती.

"झालं?"

"रॉकेल मुरू तर द्या, बाबा."

"आता?"

"पुसतोय."

"नीट पुसा. कोपरे."

जावयाने खडू घासला. सकाळी त्याला फक्त एवढंच हवं होतं की दोष आपल्यावर येऊ नये. आता तो आलाच नव्हता, तरी खडू पांढराच राहावा असं त्याला वाटत होतं. एकदा मिस्त्रींच्या पाठीकडे, एकदा खडूकडे बघत तो उभा राहिला. त्याने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आरसा धरून बघितलं.

"बाबा, पांढरं आहे."

पाठ हलली नाही. "दातांच्या डॉक्टरला सगळं पांढरंच दिसतं. थांबा अजून."

थांबला.

"बाबा, पांढरंच आहे."

मग मिस्त्री आले. चष्मा घातला, कागदाने खडू पुसला, पुन्हा घासला, पुन्हा वाट बघितली. शेवटी रेघेवर हळूच अंगठा ठेवला.

"लोखंड ओतताना राहिलेली खूण आहे," ते म्हणाले. "जन्मखूण. इतकी वर्षं कार्बनखाली होती, मी कधी इतकं बारीक खरवडलं नाही, म्हणून मलाही दिसली नाही." आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की उंबऱ्यावरच्या सासूबाई दचकल्या. जावयाचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यातला चहा त्याने कुणी न विचारताच मागून घेतला.

हेड

नवं गॅस्केट. बोल्ट आता मधून कडेकडे.

"चिंध्या मोजल्या?"

"मोजल्या."

"पुन्हा मोजा."

"तुम्ही मोजा, बाबा."

"हो. मीच मोजायला हव्यात."

साखळी

इंजिन पहिल्या फटक्यात जागेवर बसलं. मिस्त्री म्हणाले, नशीब. सासूबाई म्हणाल्या, जावई.

रेडिएटर

स्वच्छ पाणी. चावी फिरली, इंजिन खोकलं, मग लागलं. दोघे पुढच्या सीटवर बसून काट्याकडे बघत राहिले. काटा चढला, अर्ध्याच्या जरा खालपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मिस्त्रींनी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

"असा थंड स्वभाव होता होय हिचा," ते म्हणाले.

बॉनेट

लावलं आणि दोघे पुन्हा गाडीत बसले.

"काटा लालवर गेला तर?"

"थांबायचं."

"आणि चढ संपत आला असेल तर?"

"तरी थांबायचं, बाबा."

मिस्त्री स्टिअरिंगमागून उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि जावयाला स्टिअरिंगकडे सरकायची खूण केली.

उरलेलं

सगळं बसवल्यावर काहीतरी उरतंच. या खेपेला अभ्र्याचा तुकडा उरला. सासूबाईंनी तो धुतला, इस्त्री केला आणि घडी करून शेजारी घेऊन गेल्या.

चालू गाडीत बसून सासरा-जावई कुंपणापलीकडचं ऐकत होते. आधी सासूबाईंचा हुंदका. मग शेजारणीचा आवाज, "इंजिनात? अगं, इंजिनात?" आणि मग दोघींचं हसणं, थांबेना असं.

मिस्त्रींनी डोळे मिटून सीटला मान टेकली.

"कुठेय तो मिस्त्री?" शेजारीण कुंपणाकडे येत होती. "बाहेर काढा त्याला!"

"गिअर टाका, डॉक्टर," मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले. "काटा नंतर बघू."